आबांचा उजवा हात

आबांनी दूधवाल्याचे पुढचे दात पाडले, त्या सकाळी मी आईच्या पुढ्यात बसून वेणी घालून घेत होते. फाटकाशी काहीतरी बोलणं चाललं होतं आणि त्यात दूधवाला हसला, एवढं मला ऐकू आलं. मग एक बोथट आवाज आला आणि पाठोपाठ दुधाचा कॅन फरशीवर पडून घरंगळत गेल्याचा. आईचे हात माझ्या केसांत थांबले. ती लगेच उठली नाही. आवाज कशाचा आहे, केवढा आहे, आपल्याला जावं लागेल की नाही, याचा अंदाज ती बसल्या जागी घ्यायची आणि तो बहुधा बरोबर यायचा. तिने पेड पुन्हा हातात घेतले, वेणी पुरी केली, रिबीन बांधली आणि मग तांब्याभर पाणी घेऊन ती बाहेर गेली. मी तिच्या मागून गेले तेव्हा दूधवाला पायरीवर बसून तोंडाला पंचा लावत होता, पंचा लाल झाला होता, आणि आबा शांतपणे फाटकाची कडी लावत होते. दूधवाला बोलला होता ते एवढंच, की गावात लोक म्हणतात, मेजरसाहेब ऑलिंपिकात शेवटून पहिले आले.

माझे वडील सैन्यात अधिकारी होते आणि बर्फावरच्या शर्यतीसाठी, स्कीइंगसाठी, ऑलिंपिकला जाऊन आले होते. हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना सांगत आले आहे. कोल्हापूरचा माणूस आणि बर्फ, असं म्हणून ऐकणारा हसतो, कौतुकाने चार प्रश्न विचारतो, आणि मी उत्तरं देते. मलकापूरजवळच्या एका वाडीत जन्मलेल्या या मुलाने गारा सोडल्या तर बर्फ म्हणून काही पाहिलं नव्हतं. सैन्यात अधिकारी झाल्यावर डोंगरात बदली झाली, तिथे त्यांना पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरायला शिकवलं गेलं, आणि ज्या वयात युरोपातली माणसं हा खेळ सोडतात त्या वयात आबांनी तो धरला. नुसत्या हट्टाने ते सैन्यात पहिले आले. मग त्यांना परदेशी पाठवलं. परत आले तेव्हा कोल्हापुरात उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, हलगी वाजली, फेटा बांधला गेला. आई तेव्हा नवी नवरी होती आणि मागच्या टांग्यात बसली होती. पुढे काही वर्षांनी गस्तीवर असताना त्यांच्या तुकडीवर बर्फाचा कडा कोसळला. माणसं गेली. आबा वाचले, पण डाव्या पायाची बोटं गारठून काळी पडली आणि कापावी लागली. सैन्याने त्यांना टेबलाशी बसवलं. टेबलाशी ते बसू शकले नाहीत, आणि पेन्शन घेऊन आम्हा सगळ्यांना कोल्हापुरात घेऊन आले.

घर कळंब्याला होतं, तेव्हा तिकडे वस्ती विरळ होती. मागे ऊस, समोर रस्ता, आणि पलीकडून तुरुंगाचा टोल ऐकू यायचा. पण आमच्या घराचं घड्याळ म्हणजे आबांचं पाऊल. बोटं नसल्याने डावा पाय ते टाचेवर टाकायचे, त्यामुळे शहाबादी फरशीवर एक जड आणि एक हलका असा आवाज यायचा. जड आवाज जास्त जड झाला की विजू पुस्तक उचलून मागच्या दाराने परसात जायचा. विजू माझा भाऊ, माझ्याहून दीड-दोन वर्षांनी मोठा. सोप्यात भिंतीवर आबांच्या स्कीच्या दोन जोड्या टांगलेल्या होत्या. लाकडी, कडेला पोलादी पट्टी लावलेल्या, उंच माणसाच्या डोक्यावरून जातील इतक्या लांब. आबा त्यांना दर रविवारी मेण लावायचे. आई त्यांना फळ्या म्हणायची. "फळ्या पुसल्या की आंघोळ करा," असं ती म्हणायची, जणू पाटच आहेत, आणि आबांना ते मनातून लागत असावं.

रविवारचा दुसरा कार्यक्रम कोंबड्याचा. आबा बाजारातून कापलेलं कधी आणायचे नाहीत. परसात दगडावर ते स्वतः कापायचे आणि धरायला विजूला लावायचे. विजू पाच-सहा वर्षांचा असल्यापासून त्याला रक्त बघवत नसे. तो डोळे मिटायचा. डोळे मिटले की आबा थांबायचे, सुरी तशीच वर धरून. "उघड," म्हणायचे. कोंबडा फडफडत असायचा, विजूच्या मनगटावर नख्यांचे ओरखडे उठायचे, आणि तो डोळे उघडेपर्यंत सुरी खाली यायची नाही. मग आई तोच कोंबडा इतका चांगला करायची की सांगता येत नाही. सुकं खोबरं निखाऱ्यावर भाजून, तीळ, कांदा, सगळं पाट्यावर वाटून, वरून कोथिंबीर. सोबत ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी, तव्यावरून थेट ताटात. विजू नुसता भात आणि ताक खायचा. मी मात्र खायचे, आणि मला ते आवडायचं. आज सत्तरीला आल्यावरही त्या चवीची आठवण आली की तोंडाला पाणी सुटतं आणि त्याच क्षणी विजूची ओरखडलेली मनगटंही दिसतात.

मला आबांनी कधी मारलं नाही. लाडकी होते म्हणून नव्हे. मी त्यांच्या विचारातच नव्हते. त्यांना विजूला बर्फावर न्यायचं होतं. विजू सैन्यात जाईल, डोंगरात जाईल, शर्यतीत उतरेल आणि मधल्या कुठल्यातरी नंबराने का होईना, वर येईल, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्यासाठी पहाटे तलावाभोवती पळणं, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन उठाबशा, भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं गुडघे वाकवून थांबणं. हे भिंतीचं थांबणं सगळ्यात वाईट. विजूच्या मांड्या थरथरायला लागायच्या, घाम नाकावरून गळायचा, आणि तो घसरून खाली बसला की आबांच्या हातातली छडी पोटऱ्यांवर बसायची. "पडायचं न्हाय," एवढंच ते म्हणायचे, आवाज न चढवता. शर्यतीत त्यांच्याहून कितीतरी चांगले खेळाडू मध्येच पडले होते. आबा सगळ्यात हळू आले, पण पडले नाहीत, उभ्याने खाली पोचले. त्यांच्या आयुष्याची सगळी अब्रू या एका गोष्टीत होती. आई मधे पडायची तेव्हा छडी तिच्यावर फिरायची. तिच्या दंडावर, लुगड्याच्या पदराखाली, जुने आणि नवे वळ असायचे. चूल पेटवताना पदर सरकला की मला ते दिसायचे, आणि मला दिसलेत हे तिला कळायचं.

परवा नातीने मोबाइलवर मला बर्फावरच्या शर्यती दाखवल्या. "आजी, तुझे बाबा हेच करायचे ना?" एक कोवळी पोर भयंकर वेगाने खाली येत होती आणि वळणावर पडली, जाळीत जाऊन आदळली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती उठून अंगावरचा बर्फ झटकत होती, हसत होती, आणि कडेला उभा असलेला तिचा बाप तिला मिठी मारत होता. नात पुढचं दाखवायला लागली तर मी म्हटलं, थांब, तेवढंच परत लाव.

गगनबावड्याला आबा आम्हाला घेऊन गेले ते श्रावणात. बर्फ नाही तर ओलं गवत चालेल, असं त्यांच्या डोक्यात आलं होतं. घाटमाथ्यावर पावसाने गवत गुडघाभर वाढतं, आडवं पडतं आणि इतकं निसरडं होतं की गुरंसुद्धा जपून चालतात. शेजारचे रसूलमामा टेंपो चालवायचे. आई त्यांना भाऊ मानायची म्हणून आमचे ते मामा. आबांनी त्यांना टेंपो काढायला लावला, फळ्यांची त्यातल्या त्यात आखूड जोडी मागे टाकली, विजूला बसवलं. मला आईने मुद्दाम सोबत पाठवलं. जाताना माझ्या हातात दशम्या आणि खर्ड्याची पुरचुंडी देत ती म्हणाली, "सुमे, त्येच्याजवळच ऱ्हा." मी आठवीतली मुलगी, मी जवळ राहून काय करणार होते, हे तिलाही माहीत नसावं.

वर धुकं होतं. पाऊस म्हणावा तर नव्हता, पण सगळं गळत होतं. आबांना पाहिजे तसा उतार सापडला, लांबलचक, हिरवा, मध्ये झाड नाही, आणि खाली टोकाला शेताची ताल, दगड रचून केलेला बांध. आबांनी विजूचे बूट फळ्यांना आवळले, हातात काठ्या दिल्या आणि कसं उभं राहायचं ते दाखवलं. ते दाखवताना मी पहिल्यांदा आबांना सुंदर बघितलं. गुडघे वाकवून, हात पुढे घेऊन ते नुसते उभे राहिले, तर त्यांचं लंगडणं, वय, सगळं नाहीसं झालं. विजू पहिल्या वेळी थोडा घसरला आणि मागे रेलून त्याने बसकण मारली. मुद्दाम. ते मला कळलं तसं आबांनाही कळलं. त्यांनी त्याच्या हातातली काठी घेतली आणि त्याच्या पाठीवर हाणली. ओल्या शर्टावर तिचा चटकन आवाज झाला.

"मागं रेलू नगंस. भ्यालं की माणूस मागं रेलतंय आन् पडतंय. ऊठ."

दुसऱ्या वेळी विजू पुन्हा बसला. आता आबांनी मोजलं नाही, बघितलं नाही, काठी जिथे पडेल तिथे पडत होती, खांद्यावर, मानेवर, कानावर. विजूचे पाय फळ्यांत अडकलेले, त्याला पळताही येईना, तो गवतात तोंड खुपसून पडला. कानातून रक्ताची बारीक धार गळ्यात उतरली. मी ओरडत होते असं रसूलमामांनी पुढे सांगितलं. मला माझा आवाज आठवत नाही. रसूलमामा टेंपोतून उतरून गवतातून धडपडत आले.

"मेजरसाब, पोरगं भ्यालंय. आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या की."

"तुमी टेंपोत बसा."

"आवो, पर रगात येतंय त्येच्या—"

आबांनी नुसतं वळून बघितलं आणि मामा जागच्या जागी थांबले. कोल्हापुरात आबांच्या हाताची ख्याती होती. मग आबांनी विजूला बगलेत धरून उभा केला, त्याचं तोंड उताराकडे वळवलं आणि दोन्ही हातांनी ढकललं. या वेळी विजू मागे रेलला नाही. मला अजून वाटतं, त्याने ठरवलं होतं की आता पडायचंच नाही, काय व्हायचं ते होऊ दे. तो सरळ गेला, न वळता, धुक्यात लहान होत. आबा ओरडले, "वळ." तो वळला नाही. दगडी तालीवर फळी अडकली, अंग पुढे गेलं, पाय मागे राहिला. हाड मोडल्याचा आवाज वरपर्यंत आला, वाळकी तुरकाठी गुडघ्यावर मोडावी तसा. किंकाळी नंतर आली.

त्यानंतर आबांनी जे केलं ते मी कुणाला नीट सांगू शकत नाही, कारण सांगितलं की ऐकणाऱ्याला आबा आवडायला लागतात. ते त्या लंगड्या पायाने उतारावरून धावले, एकदाही न घसरता. चाकूने विजूची विजार फाडली. नडगीचं हाड कातडीतून बाहेर आलं होतं. आबांनी त्याचं डोकं हातात घेतलं, काहीतरी पुटपुटत त्याला शांत केलं, अंगातला शर्ट काढून फाडला, दोन काठ्या पायाच्या दोन बाजूंना लावून असा बांधला की डॉक्टरांनी नंतर विचारलं, हे कुणी बांधलं. फळ्या एकमेकींना जोडून त्यांनी घसरगाडी केली, विजूला तिच्यावर निजवलं, टेंपोतला दोर स्वतःच्या छातीशी आवळला आणि ते सगळं ओझं ओढत चढ चढायला लागले. उघडे, त्या गळत्या धुक्यात, छातीवर दोर रुतून रक्ताळलेला. रसूलमामा हात लावायला गेले तर "बाजूला व्हा" म्हणाले. आणि पूर्ण चढभर ते विजूशी बोलत होते, हिंदीत, ज्या आवाजात ते घरात कधीच बोलले नव्हते. "किशन, आँखें खुली रख. सोना नहीं, बेटा. बस आ गए." विजू कण्हत म्हणाला, "आबा, मी विजू हाय." त्यांना ते ऐकू गेलं नाही. किशन म्हणजे बर्फाखाली गेलेल्या माणसांतला एक, आबांचा वीस वर्षांचा जवान, हे आईने मला पुष्कळ नंतर सांगितलं. तेव्हा मला फक्त एवढं कळलं की ज्याला बेटा म्हणायचं तो दुसराच कुणीतरी आहे.

विजूचा पाय जांघेपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टर म्हणाले, वाचला, पण थोडा आखूड राहील. तो आजही आखूड आहे आणि थंडीत दुखतो. आई दवाखान्यात आली आणि रसूलमामांनी तिला सगळं सांगितलं. विजूला घरी आणलं. बंबाजवळच्या खोलीत, ऊब राहावी म्हणून, त्याची खाट टाकली. आई त्याला पेज भरवायची, अंग पुसायची, आणि आबांच्या पावलाकडे तिचा कान असायचा.

चौथ्या-पाचव्या सकाळी आबा खाटेशी आले. मी विजूच्या पायथ्याशी बसले होते. आई पलीकडे उकळत आलेल्या बंबाचा जाळ फुंकत होती, लोखंडी फुंकणी तिच्या हातात.

"चांगला पाय हलता ठेव," आबा म्हणाले. "उचल. प्लास्टर निघालं की पुन्यांदा जायाचं हाय. भ्या मनात ऱ्हाता कामा नये."

विजू छताकडे बघत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "आबा, मी न्हाय जानार."

"काय म्हनालास?"

"मला न्हाय जायाचं. कधीच."

आबांनी त्याच्या तोंडात मारली. उताणा पडलेल्या, हलता न येणाऱ्या पोराच्या. त्याचं डोकं खाटेच्या लाकडावर आपटलं. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा आई मागून आली आणि तिने फुंकणी घातली. पहिली खांद्यावर बसली. आबा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं. दुसरी फुंकणी डोक्यावर येत होती, ती अडवायला त्यांनी उजवा हात वर केला आणि हाताचं हाड मोडलं. मग त्यांनी डाव्या हाताने आईचे केस धरले आणि तिला बंबावर आपटलं. झाकण उडालं, उकळतं पाणी तिच्या दंडावरून, पाठीवरून गेलं. ती किंचाळली, पडली, आणि उठली. फुंकणी तिच्या हातातून सुटली नव्हती. ती पुन्हा त्यांच्यावर चालून गेली. मी विजूच्या अंगावर पालथी पडले होते, दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकून, आणि मला फक्त त्यांचे पाय दिसत होते, आईचे ओले, वाफाळणारे, आणि आबांचा तो बिनबोटांचा पाय मागे मागे सरकताना. आबांचा पाय मागे सरकताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

रसूलमामा मागच्या दाराने आत आले. ते दोघांच्या मध्ये उभे राहिले, आबांकडे पाठ करून, तोंड आईकडे. "बास, ताई," एवढंच म्हणाले. "हात मोडलाय त्येंचा. बास."

त्याच टेंपोतून, त्याच डॉक्टरकडे. आई अंगाला ओलं धोतर गुंडाळून पुढे बसली होती, आबा मागे, हात मांडीवर ठेवून. डॉक्टरांनी हात बघितला, आईची पाठ बघितली, आणि विचारलं, "कसं लागलं, मेजरसाहेब?"

आबा म्हणाले, "पडलो."

मी दारात उभी होते. त्यांच्या तोंडातून तो शब्द आलेला ऐकून मला रडू फुटलं. का ते तेव्हा कळलं नाही, आणि आता कळतं असं वाटतं तेही खात्रीने नाही.

"न्हाय, डॉक्टर," आई म्हणाली. "ते पडलं न्हाईत. मी मारलं." डॉक्टर खाली बघून कापूस भिजवायला लागले.

मग घरात असे काही आठवडे आले की ते मला माझ्या बालपणातले सगळ्यात सुखाचे वाटतात, हे लिहायला विचित्र वाटतं. दोन प्लास्टरं घरात होती. आबांचा उजवा हात गळ्यात अडकवलेला. डाव्या हाताने त्यांना भाकरी मोडता येईना, म्हणून आई दुधात कुस्करून वाडगा पुढे ठेवायची, आणि ते चमच्याने खायचे. ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. "जेवतासा न्हवं? घ्या." पाठीवरचे फोड फुटून तिला पोलकं घालता येत नव्हतं, तशीच ती स्वयंपाक करायची. विजू आणि मी खाटेवर पत्ते खेळायचो आणि एकदा तर मोठ्याने हसलो. हसल्यावर दोघेही थांबलो आणि ऐकलं. पावलांचा आवाज आला नाही.

आबा अंगणात खुर्ची टाकून दिवसभर उसाकडे बघत बसायचे. एकदा मी त्यांना चहा नेऊन दिला तर त्यांनी मला बस म्हटलं. मग आपण होऊन त्यांनी शर्यतीबद्दल सांगितलं. वर उभं राहिल्यावर खालचं काही दिसत नाही, म्हणाले, नुसतं पांढरं. पुढचा गडी सुटतो आणि दिसेनासा होतो. लोक ओरडतात ते खालून वाऱ्यावर तुटक तुटक येतं.

"भ्यालतासा?" मी विचारलं. असं काही मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

"भ्यालतो की," ते म्हणाले. "माझ्या मागं एक गोरं पोरगं हुतं. त्ये भ्यानं ओकत हुतं बर्फात. मला बघून हसलं. मी बी हसलो." त्यांनी डाव्या हाताने कप उचलून एक घोट घेतला. "तवा भ्या वाटलं त्ये बरं हुतं," म्हणाले. मी पुढच्याची वाट बघत बसले, पण त्यांनी कप माझ्याकडे दिला.

त्यानंतर आबा पुष्कळ वर्षं जगले. बाहेर त्यांचे हात चालूच राहिले. कंडक्टर, शेताच्या बांधावरून भांडणारा चुलता, एकदा तर बँकेतला कारकून. पोलीस घरी यायचे, जुना अधिकारी म्हणून चहा घेऊन जायचे. त्यांना पश्चात्ताप झाला असं मी म्हणणार नाही, कारण तसं ते कधी बोलले नाहीत. घरात मात्र त्यांचा हात पुन्हा उठला तो एकदाच, आणि ज्या दिवशी प्लास्टर निघालं त्याच दिवशी.

दुपारी ते दवाखान्यातून आले. आईने न मागता खोबरेल कोमट करून वाटी पुढे ठेवली. हात बारीक झाला होता, कातडी पांढरट, खवले आलेली. आबा तेल चोळत होते, मूठ मिटत होते, उघडत होते. आम्ही तिघेही वेगवेगळ्या कामांत होतो आणि तिघेही त्या मुठीकडे बघत होतो. संध्याकाळी आईने चौघांची ताटं मांडली. प्लास्टर झाल्यापासून विजू खाटेवरच जेवायचा, पण त्या दिवशी तो कुबडी घेऊन स्वयंपाकघरात आला आणि स्टुलावर बसला, पाय पुढे लांब करून. पिठलं, भाकरी, कांदा. आबांनी स्वतःच्या हाताने भाकरी मोडली. विजूने मीठ घ्यायला हात केला आणि त्याच्या प्लास्टरचा धक्का तांब्याला लागला. तांब्या आडवा झाला आणि सगळं पाणी आबांच्या ताटात गेलं.

आबांचा हात वर गेला.

मी कशी उठले मला ठाऊक नाही. उठले तेव्हा आई आधीच उभी होती, हात रिकामे, परातीतलं पीठ तसंच बोटांना माखलेलं. विजूची कुबडी पलीकडे पडली होती, म्हणून तो भिंतीला धरून उठला, एका पायावर. आम्ही काही ठरवलं नव्हतं. आबांनी आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे, जसं काही आम्हाला ओळखायला वेळ लागतोय. हात वर होता तो तसाच थोडा वेळ राहिला, बारीक, पांढरा, तेलाने चकाकणारा, आणि मग खाली आला. आई बसली. तिला बघून मी बसले. विजू बसला नाही.

"खाली बस," आबा म्हणाले. "पाय दुखंल."

"दुखू दे," विजू म्हणाला.

आबांनी ताटातलं पाणी कडेने ओतून टाकलं, भिजून लगदा झालेली भाकरी बोटांनी गोळा केली आणि मान खाली घालून खायला लागले. त्यांचं ताट रिकामं होईपर्यंत विजू भिंतीला धरून उभा होता.